दारू सुटली, आता ताटाचे काय?

दारू सोडून माणूस घरी परततो तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे घरात ईद असते. अम्मी नजर उतरवते, बहिणी सासरहून भेटायला येतात, बायको त्याच्या आवडीचे करून घालते. चौथ्या महिन्याच्या आसपास मात्र बोलणे बदलू लागते. शर्टाची बटणे ताणलेली दिसतात, गाल भरतात, पोट पुढे येते आणि मशिदीबाहेर चपला घालताना कुणीतरी हसत म्हणतो, "क्या मियाँ, बाटली छोड के हंडी पकड लिए?" सगळे हसतात, तोही हसतो. घरी येऊन तो रात्रीचे जेवण नको म्हणतो.

या रात्रीच्या न जेवण्याबद्दल आम्हाला लिहायचे आहे. दारू कशी वाईट, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. सुटल्यानंतर त्या माणसाने काय खावे, वजन वाढले तर घरच्यांनी काय करावे आणि त्याची हरवलेली हिंमत कुठून परत येते, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. आपल्या घरांत तर नाहीच नाही, कारण मुळात तो पीत होता हेच आपण मान्य केलेले नसते.

धाराशिव, उमरगा, नळदुर्ग, कळंब, परंडा, कुठल्याही गावातला मोहल्ला घ्या. कोण पितो हे सर्वांना ठाऊक असते, आणि मुसलमानांत दारू नाही असे बाहेर सांगितलेही जाते. इज्जतीपायी माणूस डॉक्टरकडे जात नाही. गेलाच तर सोलापूरला किंवा पुण्याला, "कामासाठी गेलाय" असे सांगून. परत आल्यावर गोळ्या उशाखाली, कागद कपाटात, पथ्यपाणी कुणाला विचारायचे नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूच्या पूर्ण आहारी गेलेले आहेत आणि अशा ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतात. हा आकडा सर्व समाजांचा आहे. लपवालपवी जिथे जास्त, तिथे तो याहून बरा असण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

महाराष्ट्रात या कामाची मोठी वाट पुण्याच्या मुक्तांगणने घातली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला हे केंद्र सुरू केले. व्यसन हा आजार आहे, तो एकट्या माणसाचा नसून सबंध घराचा असतो, ही गोष्ट त्यांनी मराठी घरांना समजेल अशा भाषेत सांगितली. तिथे माणूस काही आठवडे राहतो. त्या काळात सर्वात आधी काय सुधारत असेल तर ती घड्याळाप्रमाणे चालणारी दिनचर्या: उठणे, व्यायाम, नाश्ता, काम, जेवण, झोप. वर्षानुवर्षे ज्याने दुपारी चारला पहिला घास खाल्ला, त्याच्यासाठी सकाळी वेळेवर मिळणारा नाश्ता हे औषधच असते. अडचण येते ती घरी परतल्यावर. केंद्राचे घड्याळ तिथेच राहते.

अंगावर बाटलीचे हिशेब

पिणारा माणूस फार जेवत नाही, तरी त्याचे चालते कसे, असे घरच्या बायका विचारतात. हिशेब साधा आहे. मद्यार्काच्या एका ग्रॅममधून शरीराला ७ उष्मांक मिळतात. साखरेच्या एका ग्रॅममधून ४ मिळतात. दुकानातल्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये, त्यावर छापलेल्या ४२.८ टक्के प्रमाणाने, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास उष्मांक, ज्वारीच्या दोन मध्यम भाकरींएवढे. फरक असा, की भाकरीत प्रथिने आहेत, लोह आहे, ब जीवनसत्त्वे आहेत, चोथा आहे. बाटलीत यातले काहीही नाही. शरीर जळत राहते, पण भरले जात नाही. त्यात दारूने आतड्याचे अस्तर बिघडते, खाल्लेले नीट शोषले जात नाही, यकृत साठवण करू शकत नाही. म्हणून पक्क्या पिणाऱ्याचे हातपाय काडीसारखे आणि चेहरा मात्र सुजलेला दिसतो.

सर्वात मोठी तूट येते ती ब-१ जीवनसत्त्वाची, ज्याला डॉक्टर थायमिन म्हणतात. ही तूट फार झाली तर मेंदूवर परिणाम होतो: चाल झोकांड्या खाते, डोळ्यांची हालचाल बिघडते, माणूस गोंधळतो, काही वेळा आठवण कायमची जाते. दारू नुकतीच सोडलेल्या, अनेक दिवस उपाशी माणसाला घरच्या घरी ग्लुकोज पाजून किंवा गावातल्या कुणाकडून सलाईन लावून 'ताकद' देऊ नये, याचे कारण हेच. आधी थायमिन, मग ग्लुकोज, हा क्रम दवाखान्यात पाळला जातो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. रोज, आणि विशेषतः सकाळी उठल्या उठल्या पिणाऱ्या माणसाने एका झटक्यात दारू बंद केली, तर हात थरथरणे, घाम, उलटी यांपासून फिट येण्यापर्यंत आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. यात माणसे दगावतात. हिंमत चांगली आहे, पण ती डॉक्टरच्या देखरेखीखाली करावी.

मग एवढी भूक कुठून येते?

दारू गेली की काही दिवसांत जिभेला चव परत येते, नाकाला वास कळू लागतो, पोटाची जळजळ कमी होते. वर्षानुवर्षे दाबलेली भूक जागी होते. हा आजार नव्हे, हे बरे होणे आहे. त्याबरोबर गोडाची ओढ येते, आणि ती अशी येते की घरचे चक्रावतात. ज्याने आयुष्यात शीरखुर्म्याची वाटी अर्धी सोडली, तो रात्री अकराला साखरेचा डबा शोधू लागतो. मेंदूतला जो भाग दारूने खूश व्हायचा, त्याला आता दुसरे काहीतरी हवे असते आणि गोड हे सर्वात स्वस्त व लवकर मिळणारे असते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या व्यसनमुक्तांच्या बंधुभावाने १९३९ साली आपले पुस्तक काढले, त्यातही डॉक्टरांच्या सल्ल्याचा हवाला देऊन गोड जवळ ठेवण्याची सूचना आहे. म्हणजे ही ओढ नवीन नाही, आपल्या माणसाचा लोभीपणाही नाही.

आपल्या जिल्ह्यात तर गोडाची कमी नाही. भूम, वाशी, परंडा भागातला खवा, कुंथलगिरीचे पेढे, धाराशिवचे गुलाबजाम. ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसात मिठाईच्या दुकानांसमोरून रिकाम्या हाताने कोण परत येतो? पण खरा चोर मिठाई नाही, चहा आहे. दारू सोडलेला माणूस दिवसाला दहा चहा सहज पितो. हातात काहीतरी धरायला हवे असते, बसायला टपरी हवी असते. एका कपात दोन चमचे साखर धरली तर दहा कपांत ऐंशी ते शंभर ग्रॅम साखर पोटात जाते. म्हणजे साडेतीनशे-चारशे उष्मांक. क्वार्टर गेली आणि जवळजवळ तेवढेच चहाच्या वाटेने परत आले. आता पोट जेवणही नीट घेते, पचवते. वजन वाढणार नाही तर काय होईल?

काही औषधांनीही भूक वाढते. झोपेसाठी किंवा मन शांत राहण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांचा तो परिणाम आहे. तसा संशय आला तर डॉक्टरांना विचारावे. गोळी बदलता येते. स्वतःच्या मनाने बंद करू नये.

उपास हा सापळा आहे

आमच्या ओळखीचे एक गवंडी आहेत, कळंब तालुक्यातले. नाव देणार नाही. दारू सोडून पाच महिने झाले तेव्हा त्यांचे नऊ किलो वजन वाढले होते. एका लग्नात साडूने सर्वांसमोर पोटावर थाप मारली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण बंद केले. व्यायामशाळेत जाणाऱ्या पुतण्याने सांगितले होते की असेच पोट उतरते. दिवसभर उन्हात विटा-सिमेंटचे काम, पोटात काळा चहा. दहा-अकरा दिवसांनी संध्याकाळी काम सुटल्यावर हात थरथरू लागले, डोके भणभणले, मजुरीवरून मुकादमाशी वाजले, आणि पाय आपोआप जुन्या दुकानाच्या रस्त्याला लागले.

"भाईजान, मला प्यायची होती असं नाही," ते आम्हाला म्हणाले. "मला कायतरी पाहिजे होतं. कोपऱ्यावर भज्याचा गाडा होता. उभ्या उभ्या दोन प्लेट खाल्ल्या, वर पाणी प्यालो. दहा मिनिटांत सगळं उतरलं. मग वाटलं, अरे, मला तर भूक लागली होती!"

व्यसनमुक्तीच्या गटांत चार गोष्टींपासून सांभाळायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. या गवंडीभाईंना त्या संध्याकाळी किमान तीन एकदम गाठल्या होत्या. वर्षानुवर्षे त्यांच्या शरीराने पोटातल्या कालवाकालवीला एकच उत्तर शिकलेले आहे. रक्तातली साखर उतरली की जी बेचैनी येते ती आणि दारूची तलफ यांतला फरक पहिल्या वर्षात त्या माणसाला ओळखताच येत नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: पहिले सहा महिने वजनकाटा बाजूला ठेवावा आणि ताटाची वेळ सांभाळावी. चार-सहा किलो वाढले तर ते नंतर उतरवता येतात. बाटली परत आली तर तेवढे सोपे नसते. मधुमेह किंवा हृदयाचा आजार आधीच असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सुरुवातीपासून डॉक्टरच्या सल्ल्याने जेवण ठरवावे लागते.

जे पोट चरबीचे नसते

पोट वाढले की सगळेच 'सुटलाय' म्हणतात. पण दारू सोडलेल्या माणसाचे पोट दोन कारणांनी वाढू शकते आणि दुसरे कारण गंभीर आहे. यकृत निकामी होऊ लागले की पोटात पाणी साठते. अशा वेळी पोट तट्ट फुगते, बेंबी बाहेर येते, पाय सुजतात, बोटाने दाबले तर खळगा राहतो, डोळे पिवळे होतात, आणि खांदे-दंड मात्र बारीकच होत जातात. वजन आठवड्यात भराभर वाढते. इथे उपास, गरम पाणी, लिंबू-मध, काही कामाचे नाही. लगेच रुग्णालय गाठावे. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर रात्र उजाडण्याचीही वाट पाहू नये.

यकृताच्या आजारात आपल्याकडे एक जुनी समजूत आहे: तेल बंद, मटण-अंडी बंद, फक्त उसाचा रस आणि भात. ती आज डॉक्टर मानत नाहीत. अशा रुग्णाचे स्नायू आधीच झिजलेले असतात, त्याला प्रथिनांची गरज जास्त असते. त्याने रात्रभर फार वेळ उपाशी राहू नये म्हणून झोपण्यापूर्वी थोडे खायलाही सांगतात. कमी करायचे ते मीठ: लोणचे, पापड, सुकट, फरसाण. आणि काविळीची पुडी देणारा कितीही नामांकित असला तरी दारूने थकलेल्या यकृतावर अनोळखी मुळ्यांचा भार टाकू नये.

आपल्याच चुलीवरचे

यासाठी महागडे डबे, भुकट्या लागत नाहीत. ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, हुलगे, मटकी, शेंगदाणे, मेथी, शेवगा, हरभऱ्याची भाजी, ताक. आपल्या कोरडवाहू जिल्ह्याचे हे जेवण बरे होणाऱ्या माणसासाठी मुद्दाम बनवल्यासारखे आहे. ब-१ जीवनसत्त्व अखंड धान्यात, डाळींत, शेंगदाण्यांत असते. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात ते दळण्या-सडण्यात निघून जाते. म्हणून बेकरीचा नान-पाव रोज आणि भाकरी कधीतरी, हा आपल्या शहरी मोहल्ल्यांतला नवा रिवाज उलटा करायला हवा.

मांसाहार बंद करायचे कारण नाही. उस्मानाबादी शेळीची ख्याती देशभर आहे आणि बोकडाचे मांस तसे फार चरबीचे नसते. प्रश्न वर तरंगणाऱ्या तर्रीचा आहे. खिमा करताना तेल अर्धे करावे, त्यात मेथी किंवा मटार मिसळावा. दालच्यात दुधी जास्त, हाडे कमी. अंडी उकडून, रोज एक-दोन. शुक्रवारची बिर्याणी खुशाल करावी, पण आधी काकडी-कांद्याची कोशिंबीर आणि एक वाटी डाळ पोटात जाऊ द्यावी.

खाण्यापेक्षा वेळ जास्त महत्त्वाची. सकाळी आठच्या आत नाश्ता, दुपारचे जेवण आणि रात्रीचे वेळेवर, आणि या सगळ्यांत मोठे म्हणजे संध्याकाळी पाच ते सातमधले खाणे. हीच पिण्याची जुनी वेळ असते. भाजलेले चणे-शेंगदाणे आणि गूळ, उकडलेली मटकी, दोन खजूर आणि ग्लासभर दूध, काहीही चालेल. पण तो कामावरून निघण्यापूर्वी किंवा घरी पाय ठेवताच हातात पडायला हवे. चार रुपयांचे चणे खिशात असणे हा बाटलीविरुद्धचा मोठा बंदोबस्त आहे.

साखर एकदम तोडू नये. पहिले काही आठवडे चालू द्यावी, मग चहाचे कप मोजावेत, मग चमचा अर्धा करावा. थंड पेयांची बाटली मात्र घरात आणूच नये, ती नुसती साखर आहे. आणि 'दारू सोडली आहे ना, मग मावा खाऊ दे' ही सवलत देऊ नका. तंबाखू भूक मारते, तोंड जाळते, जेवण बिघडवते. एका दाराने काढलेले दुसऱ्या दाराने आत येते.

रमजानचा विषय

आपल्यातले पुष्कळजण रमजानमध्ये दारू सोडतात. चाँद दिसल्यापासून चाँद दिसेपर्यंत. घरचे दुवा करतात, तोही मनापासून असतो. या महिन्याची ताकद आम्ही कमी लेखत नाही. तीस दिवस तो राहू शकतो, हे त्याला स्वतःला दिसते. पण रोज पिणाऱ्याने पहिल्या रोज्याच्या आदल्या रात्री थांबायचे आणि सकाळपासून पाणीही घ्यायचे नाही, हे वर सांगितलेल्या फिटचे आणि भ्रमाचे आमंत्रण आहे. ज्याला या रमजानमध्ये सोडायची आहे त्याने शाबानमध्येच डॉक्टरला गाठावे.

नुकती सोडलेल्याने रोजे ठेवावेत का? आजारी माणसाला रोजे पुढे ढकलून नंतर पुरे करण्याची मुभा कुरआनातच आहे. यकृत, साखर, गोळ्यांच्या वेळा पाहून डॉक्टरांनी नको म्हटले, तर ती मुभा वापरण्यात कमीपणा नाही. घरच्यांनी मात्र हे त्याच्यावर टोमणा म्हणून टाकू नये. "आधी पीत होता, आता रोजेही सोडतो" हे वाक्य आम्ही ऐकलेले आहे. ज्याला रोजे झेपतात त्याने सहरी चुकवू नये आणि सहरीला चहा-पाव न खाता भाकरी, डाळ, अंडे, दही खावे. इफ्तारला खजूर, फळे, पाणी, मग नमाज, मग जेवण. भजी-समोशांची परात समोर ठेवून तासभर बसले तर रमजानमध्येही वजन वाढते, आणि पुष्कळांचे वाढतेच.

धोक्याची रात्र शेवटची. चाँद रातीला जुने दोस्त भेटतात, खिशात पैसे असतात, महिन्याचे बंधन सुटल्यासारखे वाटते. त्या रात्री आणि ईदच्या संध्याकाळी तो एकटा राहणार नाही हे आधी ठरवून ठेवावे. मुलांचे कपडे आणायला त्यालाच बाजारात पाठवा, सोबत मुले द्या.

हिंमत कुठून येते

दारू सोडलेल्या माणसाला आरशात जाडजूड गाल दिसतात, पण त्याला खरे खुपते ते वेगळेच. चुलतभावाच्या मुलीचे स्थळ बघायला घरातले सगळे पुरुष गेले, त्याला सांगितले नाही. दुकानाचा गल्ला धाकट्याकडे दिला. संध्याकाळी उशीर झाला की बायको जवळ येते ती तोंडाचा वास घ्यायला. वर्षभर न पिऊनही तो 'बेवडा'च राहतो, आता फक्त जाड बेवडा. अशा माणसाला व्यायामशाळेची फी भरून हिंमत येणार नाही.

ती येते सोपवलेल्या कामातून. विजेचे बिल भरून ये म्हणून पाचशेची नोट हातात देणे, अब्बांना दवाखान्यात त्यानेच नेणे, लग्नाच्या वाटपाचा हिशेब त्याच्याकडे ठेवणे. पहिल्या दिवशी तिजोरीची किल्ली द्या असे आम्ही म्हणत नाही. विश्वास तोडणारा तोच होता आणि बायकोने भोगलेले विसरायला तिच्यावर जबरदस्ती करता येत नाही. पण पायऱ्या ठरवता येतात. वास घेण्यापेक्षा रोज रात्रीची गोळी तिच्यासमोर घ्यायची, असे दोघांनी डॉक्टरसमोर ठरवले तर चोर-पोलिसाचा खेळ थांबतो. मुक्तांगणमध्ये अशा रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' नावाचा गट चालतो, तो याच कारणाने; तिलाही बोलायला जागा लागते. अमेरिकेत घरच्यांसाठी अल्-अनॉन ही वेगळी चळवळ १९५१ मध्ये निघाली, तिचे मूळही हेच.

गोळीवरून आठवले. वर्तमानपत्रांत 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती येतात आणि आपल्या भगिनी ती पुडी सालनात मिसळतात. दारूशी वैर असलेल्या डायसल्फिरामसारख्या गोळीवर दारू पोटात गेली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. पुडीत काय आहे हे कुणी सांगत नाही. न सांगता दिलेल्या औषधाने ताटावरचा विश्वास कायमचा उडतो, हे वेगळेच. ज्या घरात माणूस भाजीकडे संशयाने बघतो, तिथे पथ्य काय चालणार?

शरीराची हिंमतही असते, तिचे माप किलोत नसते. दाढी करताना हात थरथरला नाही. जिना चढताना थांबावे लागले नाही. मुलाला खांद्यावर घेऊन उरूस फिरून आला. फजरनंतर अर्धा तास चालणे हा त्यासाठी सर्वात सोपा उपाय आहे. त्यात एखादा सोबती मिळाला तर एकटेपणाही जातो. पायाला मुंग्या किंवा आग होत असेल तर अनवाणी चालू नये, नसा दुखावलेल्या असतात आणि जखम कळत नाही. सहा महिन्यांनंतर, झोप आणि जेवण बसल्यावर, महिन्यातून एकदा कंबरेला फीत लावावी. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर कंबर गेली तर साखर, रक्तदाब तपासावा आणि हळूहळू, आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त नाही, अशा बेताने उतरवावे. तोपर्यंत त्याच्या आजच्या मापाचे दोन कुर्ते शिवा. निकाहातली शेरवानी 'बघ, आता होत नाही' म्हणत बाहेर काढू नका.

स्त्रियांबद्दल दोन शब्द. पिणारी बाई आपल्यात नाहीच, असे म्हणणे सोपे आहे. मुक्तांगणला बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग चालवावा लागतो, आणि व्यसन कुणाचे आडनाव विचारून येत नाही. बाईला दारू कमी मात्रेत जास्त इजा करते, तिची बदनामी मात्र दसपट होते, आणि सुटल्यावर वजन वाढले तर तिला ऐकवायला सासरचे आणि माहेरचे दोन्ही असतात. तिचे ताट सगळ्यांचे झाल्यावर उरलेले असते, म्हणून तिला वेळेवर जेवायला मिळणे हीच तिच्या उपचाराची पहिली अट आहे.

विचारायचे कुणाला? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. तिथे इतर आजारांसारखाच केसपेपर काढायचा. ज्यांना जाण्याचा संकोच आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निराळा क्रमांक आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. फोन बायकोने, आईने, मुलानेही करावा. डॉक्टरकडे जाताना तो दिवसभर काय खातो, किती चहा पितो, कोणत्या गोळ्या घेतो आणि संध्याकाळी पाच ते सातमध्ये कुठे असतो, हे एका कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरांना त्या कागदाचा तपासण्यांइतकाच उपयोग होतो.